समोरच्या गर्दीची साक्ष

रॉक बँडच्या सर्वश्रेष्ठ फ्रंटमनांची यादी करायला कुणी बसले की ती यादी बघता बघता सर्वश्रेष्ठ गायकांची होऊन बसते. कुणाचा आवाज किती सप्तकांत फिरतो, कुणाच्या वरच्या स्वराला धार आहे, साठी उलटल्यावरही कोण मूळ पट्टीत गातो याचा हिशेब मांडला जातो आणि त्यावरून क्रमांक लागतात. या पुस्तकातली निवड त्या वाटेने गेलेली नाही. फ्रंटमनचे काम गाण्यापासून सुरू होते हे खरे, पण त्याची थोरवी त्याच्या गळ्यात शोधून सापडत नाही. ती समोर उभ्या असलेल्या लोकांत शोधावी लागते. मागे वाजवणारी तीन-चार माणसे आणि पुढे जमलेली हजारो माणसे यांच्यामध्ये तो उभा असतो. त्या हजारोंनी एरवी जे केले नसते ते त्याच्यामुळे त्यांच्या हातून होते का? आणि तो पुढे असल्यामुळे मागचा बँड वेगळा वाजतो का? स्टुडिओतल्या ध्वनिमुद्रणात या दोन प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत. म्हणून इथे अल्बमांपेक्षा मंचावरच्या चित्रफितींना आणि मैफलींच्या ध्वनिमुद्रणांना वरचा पुरावा मानले आहे.

आवाज हा निकष अपुरा का पडतो, याचा पुरावा बँडांच्या इतिहासातच आहे. जर्नी या अमेरिकी बँडने २००७ मध्ये नवा गायक शोधला तो यूट्यूबवर. मनिलामध्ये जर्नीची गाणी गाणारा आर्नेल पिनेडा त्यांना तिथे दिसला आणि स्टीव्ह पेरीने गाजवलेली गाणी त्याच्याकडे आली. जूडास प्रीस्टमधून रॉब हॅलफर्ड बाहेर पडल्यावर १९९६ मध्ये बँडने टिम ओवेन्सला घेतले. तो त्याआधी प्रीस्टचीच गाणी सादर करणाऱ्या एका बँडमध्ये गात होता आणि वरचे स्वर त्याला लीलया लागत. तरीही २००३ मध्ये हॅलफर्डला परत यावे लागले. आवाज मिळतो, कधी कधी हुबेहूब मिळतो. आवाजाबरोबर येणारी जागा मात्र भरतेच असे नाही. यावर एसी/डीसीचे उदाहरण पुढे केले जाते. बॉन स्कॉट फेब्रुवारी १९८० मध्ये वारला, आणि त्याच वर्षी जुलैत ब्रायन जॉन्सनचा आवाज घेऊन आलेला 'बॅक इन ब्लॅक' जगात सर्वाधिक खपलेल्या अल्बमांपैकी एक ठरला. मग पुढे उभ्या माणसाचे महत्त्व ते किती, असा प्रश्न येतो. एसी/डीसीची कुठलीही चित्रफीत पाहिली तर उत्तर दिसते. लोकांची नजर गायकावर कमी आणि शाळेचा गणवेश घालून मंचभर धावणाऱ्या अँगस यंगवर जास्त खिळलेली असते. या बँडची पुढची जागा पहिल्यापासून दोघांत वाटलेली होती, आणि त्यातला गिटारवाला अर्धा वाटा कायम राहिला. स्कॉटच्या गुणवत्तेला त्यामुळे काही उणेपणा येत नाही. ती जागा कुणाच्या हाती होती, एवढेच स्पष्ट होते.

गाणी कुणी लिहिली हा निकषही असाच गळून पडतो. द हू या बँडची बहुतेक गाणी पीट टाउनशेंडची. ती लोकांपुढे उभी केली रॉजर डॉल्ट्रीने. आयर्न मेडन उभारले बास वाजवणाऱ्या स्टीव्ह हॅरिसने आणि मुख्य गीतकारही तोच, पण १९८१ मध्ये ब्रूस डिकिन्सन आला आणि हजारोंच्या मैदानात सर्वांत मागच्या रांगेशी बोलण्याचे काम त्याच्याकडे गेले. (१ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात, त्यांचा जो जगदौरा सुरू झाला, त्यात बँडला आणि सामानाला घेऊन फिरणारे बोइंग विमानही डिकिन्सन स्वतः चालवत होता.) मराठी वाचकाला ही श्रमविभागणी वेगळी समजावून सांगावी लागू नये. वारकरी कीर्तनात अभंग तुकोबांचा असतो, मृदंग आणि टाळ मागच्यांच्या हाती असतात, आणि नारदाच्या गादीवर उभ्या असलेल्या कीर्तनकाराची परीक्षा समोरची मंडळी गजर उचलतात की नाही यावर होते. गोड गळ्याचा कीर्तनकार पडतो आणि घोगऱ्या आवाजाचा रंग भरतो, असे घडते ते यामुळेच. रॉकच्या मंचावर श्रद्धेचा विषय वेगळा, प्रसंग वेगळा. पण मधल्या माणसाचे काम याच जातीचे आहे.

हा निकष लावून पाहण्यासाठी एक प्रसंग जणू मुद्दाम मांडून ठेवल्यासारखा उपलब्ध आहे. १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियममध्ये, इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी झालेली लाइव्ह एडची मैफल. सुमारे ७२ हजार लोक, एकामागून एक येणारे अनेक बँड, बहुतेकांना साधारण वीस मिनिटे. कुणाचा स्वतःचा मंच नाही, मनासारखी प्रकाशयोजना नाही, आणि समोरची गर्दी कुणा एकाची नाही. अशा तटस्थ जमिनीवर एकाच दिवशी दोन फ्रंटमन अगदी उलट मार्गांनी गेले. यूटूचा बोनो 'बॅड' हे गाणे गाता गाता मंचावरून खाली उतरला, गर्दीतून बाहेर काढलेल्या एका मुलीबरोबर नाचला. इतका वेळ तो खाली होता की गाणे बारा मिनिटांच्या आसपास लांबले आणि ठरलेले तिसरे गाणे, 'प्राइड', सोडून द्यावे लागले. साथीदार मागे तेच स्वर वाजवत राहिले आणि नंतर त्यांनी नाराजीही व्यक्त केली. पण त्या दिवशी यूटूची जी आठवण जगात राहिली ती याच प्रसंगाची. हजारोंच्या मैदानात एका व्यक्तीला गाठले, की बाकीच्यांनाही आपल्याला गाठल्यासारखे वाटते, हे बोनोने त्या दिवशी दाखवून दिले.

क्वीन मंचावर आले तेव्हा संध्याकाळचे पावणेसात होत आले होते. इंग्लंडच्या उन्हाळ्यातला लख्ख उजेड. फ्रेडी मर्क्युरीने कुणा एकाला निवडले नाही. पहिल्या क्षणापासून तो सगळ्या मैदानाशी एकच माणूस असल्यासारखा वागला. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चा फक्त सुरुवातीचा भाग. ज्या ऑपेराच्या तुकड्यामुळे ते गाणे प्रसिद्ध आहे तो त्यांनी कापून टाकला, कारण तो स्टुडिओचा चमत्कार होता, मैदानाचा नव्हे. लगेच 'रेडिओ गा गा', आणि डोक्यावर हात नेऊन दोन टाळ्या वाजवणारे हजारो लोक. हे गाणे मर्क्युरीचे नाही, ड्रमर रॉजर टेलरचे आहे. टाळ्यांची ती खूण १९८४ च्या चित्रफितीतून लोकांना आधीच ठाऊक होती. पण ठाऊक असणे आणि दिवसाउजेडी, इतरांच्या चाहत्यांत मिसळून उभे असताना ती करणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर पुढे उभ्या असलेल्या माणसाने पार करवले. मग त्याने वाद्ये थांबवली आणि नुसत्या स्वरांचे तुकडे फेकायला सुरुवात केली. एक तुकडा तो टाकतो, मैदान तो परत करते. पुढचा थोडा अवघड, मैदान तोही पेलते. मध्येच एक स्वर लांबवर धरून ठेवतो आणि लोक तसाच धरतात. ही चित्रफीत नीट पाहिली तर लक्षात येते की तो गर्दीची पट्टी आणि तिची ताकद चाचपत चालला आहे. तिला जमणार नाही असे काही तो देत नाही, आणि सहज जमेल असेही देत नाही. वीसेक मिनिटांत सहा गाणी बसवायची म्हणून बँडने ती आधीच आखडून, सराव करून आणली होती. त्या दिवशी उत्स्फूर्त वाटलेले बरेच काही मेहनतीने बसवलेले होते, आणि मला त्यात मर्क्युरीचे मोठेपण जास्त दिसते.

एका दिवसावर क्रमांक ठरवायचा का, अशी शंका इथे येईल, आणि ती रास्त आहे. पण लाइव्ह एडच्या आधीची आठ वर्षे पाहिली तर तो दिवस अपघात नव्हता हे कळते. १९७७ मध्ये इंग्लंडमधल्या स्टॅफर्डच्या बिंगली हॉलमध्ये मैफल संपवून क्वीन आत गेले, तेव्हा श्रोत्यांनी आपण होऊन फुटबॉलच्या मैदानावर गायले जाणारे एक समूहगीत बँडसाठी म्हटले. त्या रात्रीची गोष्ट गिटारवादक ब्रायन मेने पुढे अनेकदा सांगितली आहे. लोकांना गायचेच असेल तर गाण्यातच त्यांची जागा का ठेवू नये, या विचारातून मेने 'वुई विल रॉक यू' लिहिले, ज्याचा ठेका दोनदा पाय आपटून एक टाळी एवढाच आहे आणि जो कुणालाही जमतो. त्याच्या जोडीला मर्क्युरीने 'वुई आर द चँपियन्स' रचले. त्याच वर्षी दोन्ही प्रसिद्ध झाली. श्रोत्यांसाठी मोकळी जागा ठेवून गाणे बांधायचे आणि मंचावर ती जागा त्यांच्याकडून भरून घ्यायची, ही या बँडची रीत झाली. जानेवारी १९८५ मध्ये रिओ द जानेरोच्या महोत्सवात पोर्तुगीज बोलणाऱ्या अफाट गर्दीने 'लव्ह ऑफ माय लाइफ' इंग्रजीत गायले आणि मर्क्युरी गायचा थांबून त्यांचे ऐकत राहिला. फ्रंटमनने स्वतः गप्प राहावे आणि मैफल चढत जावी, याहून स्पष्ट पुरावा या निकषाला मिळणे कठीण.

मर्क्युरीच्या चरित्रातला एक तपशील महाराष्ट्राशी जोडलेला आहे आणि तो या युक्तिवादाला उपयोगी पडतो. १९४६ मध्ये झांझिबारमध्ये पारशी कुटुंबात जन्मलेला फारुख बलसारा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहात राहून शिकला. तिथे मुलांनी हेक्टिक्स नावाचा बँड काढला होता, आणि त्यात फारुख पियानो वाजवत असे. मुख्य गायक दुसराच मुलगा होता. ज्याला आज या यादीत पहिला मान दिला जातो तो आपल्या पहिल्या बँडमध्ये पुढे उभा नव्हता. पुढे लंडनमध्ये कलाशिक्षण, ग्राफिक डिझाइनचा अभ्यास, क्वीनचे बोधचिन्ह स्वतः रेखाटणे, आणि मग मंचावरचा मर्क्युरी. पाचगणीने त्याला घडवले असा दावा करण्याचे कारण नाही. पण मंचावरचे तेज जन्मजात असते, ते शिकता येत नाही, या समजुतीला त्याच्या शाळेच्या दिवसांतच उत्तर आहे. पियानोवर मागे बसून त्याने बँड आतून ऐकला होता, आणि पुढे आल्यावरही तो मागच्या तिघांना विसरत नाही हे क्वीनच्या प्रत्येक मैफलीत दिसते.

या निकषावरचा सर्वांत वजनदार आक्षेप वेगळा आहे. गर्दीला हलवणे हेच माप मानले तर जो गर्दीकडे पाहतही नाही त्याचे काय? कर्ट कोबेनचे काय? १८ नोव्हेंबर १९९३ रोजी न्यूयॉर्कमध्ये एमटीव्हीसाठी त्याच्या निर्वाणा या बँडने सादर केलेली अनप्लग्ड मैफल पाहा. कोबेन स्वेटर घालून खुर्चीत बसलेला, फारसे बोलणे नाही, नाचणे नाही. लोक ज्यासाठी आले होते ते सर्वांत गाजलेले गाणे त्याने घेतलेच नाही. चौदापैकी सहा गाणी इतरांची, त्यातली तीन मीट पपेट्स या त्या मानाने अनोळखी बँडची, ज्याच्या दोघा भावांना त्याने मंचावर बोलावून घेतले. शेवटी लेड बेलीच्या गायकीतून आलेले जुने लोकगीत, आणि त्यानंतर पुन्हा काही गाण्याला नकार. वरवर पाहता श्रोत्यांकडे पाठ फिरवणारी ही मैफल. पण त्या श्रोत्यांनी काय केले ते ऐका: ओळखीच्या गाण्याचा हट्ट न धरता ते अनोळखी गाण्यांच्या मागे गेले. एका पिढीच्या सर्वांत कर्कश बँडच्या चाहत्यांना शांत बसून परकी गाणी ऐकायला लावणे हे वेम्ब्लीच्या टाळ्यांहून सोपे नाही. निकष आवाजाचा किंवा हालचालीचा कधीच नव्हता. लोक बदलले का, एवढाच होता. टॉकिंग हेड्सच्या डेव्हिड बर्नचा समावेशही याच कारणाने झाला आहे. 'स्टॉप मेकिंग सेन्स' या १९८४ च्या चित्रपटात तो रिकाम्या मंचावर एकटा गिटार आणि टेप घेऊन येतो आणि एकेका गाण्यागणिक एकेक साथीदार त्याला येऊन मिळतो. बँड म्हणजे काय हे प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत उभे करून दाखवणारा फ्रंटमन दुसरा नाही.

दुसरा आक्षेप नैतिक आहे, आणि त्याला बगल देता येणार नाही. गर्दीवर सत्ता चालवणे हे गुणवत्तेचे माप ठरवले तर भडकवणारा वक्ता आणि गायक यांत फरक काय राहिला? ६ डिसेंबर १९६९ रोजी उत्तर कॅलिफोर्नियातल्या आल्टामाँट रेसट्रॅकवर रोलिंग स्टोन्सच्या मोफत मैफलीला तीनेक लाख लोक जमले. मंच बुटका, बंदोबस्ताला हेल्स एंजल्स ही मोटारसायकलवाल्यांची टोळी, दिवसभर मारामाऱ्या. रात्री स्टोन्स वाजवत असताना मंचासमोर अठरा वर्षांच्या एका तरुणाला भोसकून मारले गेले. मिक जॅगर पुन्हा पुन्हा गाणे थांबवून लोकांना शांत राहण्याची विनवणी करतो आणि त्याचे कुणी ऐकत नाही, हे 'गिमी शेल्टर' या माहितीपटात जसेच्या तसे आहे. दोष एकट्या जॅगरचा नव्हता. जागा ऐन वेळी बदललेली होती आणि आयोजनाचा बोजवारा उडालेला होता. पण जमाव पेटवण्याची कला ज्याच्याइतकी क्वचितच कुणाला साधली, त्याला जमाव शांत करण्याची कला त्या रात्री साधली नाही, आणि या यादीत त्याचा विचार करताना ही गोष्ट धरावीच लागते. मी जॅगरला वगळलेले नाही. १९६४ मध्ये सँटा मोनिकाच्या टी.ए.एम.आय. शोमध्ये जेम्स ब्राउनने मंच जिंकून घेतल्यावर त्याच्या मागोमाग उभे राहण्याची पाळी स्टोन्सवर आली होती. ब्राउनकडून आणि टीना टर्नरकडून जॅगर जे शिकला, त्यातून पुढच्या प्रत्येक गोऱ्या रॉक गायकाची देहबोली घडली. पण त्याला मर्क्युरीच्या खाली ठेवले आहे, आणि त्यात आल्टामाँटचा वाटा आहे.

याच्या उलट टोकाला वॉशिंग्टनचा फुगाझी हा बँड आहे. लोकप्रिय याद्यांत त्याचा गायक इयन मकाय याचे नाव शेवटी, किंवा कुठेच नसते. फुगाझीचे तिकीट बहुधा पाच डॉलर असे. समोर कुणी धक्काबुक्की करू लागले की मकाय गाणे थांबवी, त्या माणसाशी थेट बोले, आणि तरीही ऐकले नाही तर तिकिटाचे पैसे हाती देऊन त्याला बाहेर काढी. आठशेहून अधिक मैफलींची ध्वनिमुद्रणे या बँडने जपली आणि लोकांना खुली केली, त्यामुळे हे सगळे आज ऐकता येते. गर्दीतल्या दुबळ्या माणसाला जागा मिळावी म्हणून गर्दीच्या मर्जीविरुद्ध जाण्याची तयारी ही सुद्धा फ्रंटमनची सत्ता आहे, तिचे सर्वांत अवघड रूप. भडकवणारा वक्ता नेमके हेच करू शकत नाही. जमावाला आवडणार नाही ते सांगायची वेळ आली की तो गप्प होतो. फरक विचारणाऱ्याला माझे उत्तर हे आहे, आणि मकायवर या पुस्तकात अनेक जगप्रसिद्ध नावांहून जास्त पाने खर्च केली आहेत ती याच उत्तरासाठी.

राहिला प्रश्न पुराव्याचा. चित्रफितींना साक्षीदार मानले की ज्यांची चित्रफीतच नाही त्यांच्यावर अन्याय होतो, आणि हा अन्याय या पुस्तकात झालेला आहे. तो किती सहज होतो याचे उदाहरण जॅनिस जॉप्लिनचे. जून १९६७ मध्ये मॉन्टेरीच्या महोत्सवात ती बिग ब्रदर अँड द होल्डिंग कंपनी या बँडबरोबर शनिवारी गायली, पण व्यवस्थापकाने परवानगी न दिल्यामुळे कॅमेरे बंद होते. श्रोते इतके भारावले की दुसऱ्या दिवशी बँडला पुन्हा मंच देण्यात आला, आणि या वेळी माहितीपटकार डी. ए. पेनेबेकरच्या कॅमेऱ्यांसमोर. समोर बसलेली गायिका कॅस इलियट थक्क होऊन पाहत असलेली जी फ्रेम जगभर प्रसिद्ध झाली ती पेनेबेकरच्या माहितीपटातली. ती दुसरी खेप झाली नसती तर जॉप्लिनचा दावा आज ऐकीव आठवणींवर उभा असता. या यादीत स्त्रिया कमी दिसतात त्यामागे त्यांना पुढची जागा कमी मिळाली हे कारण आहे, आणि ज्यांना मिळाली त्यांच्यावर कॅमेरे कमी रोखले गेले हेही आहे. जॉप्लिन आणि पॅटी स्मिथ यांची प्रकरणे इथे आहेत, आणि ती सवलतीने आलेली नाहीत.

मुंबईबाबतही असेच झाले आहे. धोबी तलावच्या रंगभवनात ऐंशी-नव्वदच्या दशकांत रॉकच्या मैफली भरत. इंडिपेन्डन्स रॉक हा महोत्सव तिथेच वाढला आणि तिथल्या उघड्या मंचावर इंग्रजीत गाणाऱ्या भारतीय बँडांना स्वतःचा श्रोता मिळाला. रॉक मशीन, म्हणजे पुढचे इंडस क्रीड, आणि त्यांचा गायक उदय बेनेगल हे त्या काळाचे ठळक नाव. तिथल्या श्रोत्यांच्या आठवणी भरपूर आहेत, पण वेम्ब्ली किंवा मॉन्टेरीसारखी आदीपासून अंतापर्यंतची चित्रफीत समोर ठेवून तपासणी करता येईल इतके साहित्य माझ्या हाती नव्हते. लावलेला निकष सगळ्यांना सारखाच लावायचा तर केवळ जवळचा म्हणून बेनेगलला आत घेणे योग्य झाले नसते. म्हणून त्याच्यावर प्रकरण नाही. ते पुराव्याअभावी राहिले आहे, योग्यतेअभावी नव्हे. त्या काळातल्या मैफलींच्या घरगुती व्हीएचएस फिती अजून कुणाच्या कपाटात असतील तर त्या खराब होण्याआधी डिजिटल करून घ्याव्यात. पुढच्या आवृत्तीत एक प्रकरण वाढवायला मला फार आवडेल.